तड्याला वाट कुणी आखून दिली?

आपल्या तुळिंजच्या इमारतींत एक तडा ठरलेल्या जागी येतो: आरसीसीचा कॉलम आणि विटांची भिंत जिथं भेटतात तिथं. म्हणून जाणता गवंडी प्लास्टरआधी तिथं जाळी ठोकतो. हा तडा सावकाश येतो. मला बोलायचंय ते सांध्यातून सुसाट धावणाऱ्या तड्याबद्दल, आणि तो संगणकावर उभा करणाऱ्यांच्या दाव्याबद्दल.

अखंड पदार्थात तडा फार वेगात गेला की फाटे फोडतो आणि त्याचा जोर वाटला जातो. चिकटवलेल्या कमकुवत सांध्यात तो अडकलेला असतो, म्हणून जास्त पळतो. 1990 च्या दशकात कॅलटेकमध्ये आरेस रोझाकिस आणि सहकाऱ्यांनी पोलादाला चिकटवलेल्या प्लेक्सिग्लासवर प्रयोग केले. तडा प्लेक्सिग्लासमधल्या शिअर लहरीच्याही पुढे गेला!

सिम्युलेशनमध्ये काय करतात? सांध्यावर एक नियम बसवतात: किती ताणाला तो उघडायला लागेल, आणि पूर्ण सुटेपर्यंत किती ऊर्जा खाईल. मग तडा सांध्यातूनच गेला, यात नवल कसलं? बाकी सगळीकडे त्याला बंदीच होती. न्यायशास्त्रात याला साध्यसम म्हणतात; जे सिद्ध करायचं तेच हेतूत घातलेलं. वेगाचं उत्तर मात्र खरं उत्तर आहे, कारण वेग कुणी आधी लिहून दिलेला नव्हता. हा भेद लोक विसरतात. शू आणि नीडलमन यांनी पुढे तड्याला सांध्याबाहेर जायची मुभा दिली, हे मोठं काम. तरीही तिथं तडा जाणार तो गणिताच्या जाळीतल्या रेघांवरूनच.

आता आपल्या घरचं उदाहरण. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात 103 मीटर उंच कोयना धरणाला वरच्या भागात, मागचा उतार बदलतो त्या पातळीला, तडे गेले. आज जगभर सिम्युलेशन तपासायला हेच धरण घेतात, आणि तडे तिथंच उमटले की समाधान मानतात. पण नेहमीच्या मांडणीत पाया ताठ धरलेला असतो आणि धरण त्याला पक्कं जखडलेलं. काँक्रीट आणि बेसॉल्ट यांच्या सांध्याला सुटायची सोयच नाही. अशा गणितावरून वरच्या तड्यांबद्दल बोला, जरूर बोला. पायाचा सांधा टिकतो, असं त्यातून काढू नका. तो प्रश्न त्या गणिताला कुणी विचारलेलाच नाही.