गंगाजळी आणि कावड
(‘माझा प्रवास’ पुन्हा वाचताना)

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गावर एक मोकळा तास मिळाला, म्हणून मुलांना वरसईकर गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची हकीकत सांगत होतो. महूच्या वाटेवर कानी आलेली बंडाची बातमी, झाशीचा वेढा, लुटालूट, राणीची काल्पीच्या रस्त्यावरची भेट, सारे सांगून झाले. वर्ग रंगला होता. घंटा होता होता मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, मग त्यांचं कर्ज फिटलं का?”

मी निरुत्तर झालो. गोष्टीच्या आरंभी मीच सांगितले होते की विष्णुभट कर्जामुळे घराबाहेर पडले. पुढे तलवारींच्या खणखणाटात मी ते विसरलो होतो. घरी येऊन पुस्तक पुन्हा काढले आणि ध्यानात आले की विसरणारा मी एकटाच नाही. मराठी समीक्षेनेही या पुस्तकातले कर्ज पहिल्या काही पानांनंतर सोडून दिले आहे. सत्तावनच्या धामधुमीचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त, राणी लक्ष्मीबाईंचे जवळून घडलेले दर्शन, बखरीच्या वळणाची निर्मळ भाषा, या तीन गोष्टींवर भरपूर लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण ज्या ओझ्याने हा माणूस पेण तालुक्यातल्या वरसईहून नर्मदेपलीकडे ढकलला गेला, त्या ओझ्याचे काय?

विष्णुभटांचा निर्णय आज नोकरीसाठी दुबईला जाणाऱ्या कोकणी तरुणाच्या निर्णयापेक्षा फारसा वेगळा नव्हता. घर कर्जात, उत्पन्न भिक्षुकीचे. १८१८ साली पेशवाई गेली तशी पुण्याच्या रमण्यातल्या दक्षिणेची रयाही गेली. पुढे एल्फिन्स्टनने त्या निधीचा ओघ संस्कृत पाठशाळेकडे वळवला. विद्वान ब्राह्मणांच्या शेकडो घरांची ही जणू वार्षिक आयात होती, ती आटली. अशा वेळी बातमी आली की ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार आणि मोठा दानधर्म होणार. काकांना बरोबर घेऊन विष्णुभट १८५७ मध्ये निघाले. कर्ज फेडण्याची योजना म्हणून पाहिले तर तीत गैर काहीच नव्हते. सगळी भिस्त मात्र एका दात्याच्या मर्जीवर होती.

आता या दात्याकडे वळू. बायजाबाई आपल्याच मुलखातल्या, कागलकर घाटग्यांची लेक. निपाणी-कागल पट्ट्यातल्या लोकांना त्यांचा अभिमान आहे, मलाही आहे. पण अभिमानाला हिशेबाचे वावडे असू नये. १७९८ साली पुण्यात दौलतराव शिंद्यांशी त्यांचे लग्न झाले, आणि त्याच सुमारास त्यांचे वडील सर्जेराव घाटगे यांनी फौजेच्या थकलेल्या पगारासाठी पुण्याच्या सावकारांना व सरदारांना तापल्या तोफांवर बसवून पैसा काढला, हे इतिहासात नमूद आहे. दौलतराव १८२७ मध्ये वारले आणि बाईंनी राज्य हाती घेतले. त्या स्वतः उत्तम सावकार होत्या. उज्जैनीत त्यांच्या पेढ्या चालत. पहिल्या ब्रह्मी युद्धात (१८२४–२६) कंपनीची तिजोरी खरवडून निघाली होती. कंपनीने ग्वाल्हेरकडे पैसा मागितला आणि बाईंना ८० लाख रुपये द्यावे लागले.

‘द्यावे लागले’ हा शब्दप्रयोग मी जाणून करतो. ग्वाल्हेरला एका लग्नाच्या निमित्ताने गेलो असता जनकगंजातल्या एका मराठी घरी उतरलो होतो. यजमान आजोबा मोठे रसिक. मराठीत सुरू केलेले वाक्य हिंदीत संपवायचे आणि पुन्हा मराठीत यायचे. बोलता बोलता ते म्हणाले, “अहो, इंग्रज आमच्या दारी हात पसरून आले होते! शिंद्यांनी इंग्रजांना कर्ज दिलंय, समझे?” त्यांच्या डोळ्यांतला आनंद पाहून मी मान डोलावली. पण रात्रभर ती मान मला टोचत राहिली. कारण या कर्जाचे व्याज वळवले गेले ते शिंद्यांच्या नावाच्या, पण इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीतल्या कंटिन्जंट फौजेच्या खर्चाकडे. म्हणजे मुद्दल आपले, व्याज आपले, आणि त्यावर पोसलेला पहारेकरी दुसऱ्याचा. महाराजपूर-पनियारच्या लढायांनंतर १८४४ मध्ये झालेल्या तहाने याच फौजेच्या खर्चासाठी १८ लाख उत्पन्नाचा मुलूखही लावून घेतला. जून १८५७ मध्ये मोरारच्या छावणीत तीच फौज इंग्रजांवर उलटली, आणि विष्णुभटांच्या यज्ञाच्या दक्षिणेची वाटच बंद झाली.

पुस्तकाशी या कर्जाचा संबंध आहे तो असा, आणि विष्णुभटांना त्याची सुतराम कल्पना नव्हती. त्यांना दाता दिसतो, दात्याचा खजिना दिसतो. त्या खजिन्यावर कोणाची नजर आहे हे दिसत नाही, आणि तो भरला कोणत्या शेतकऱ्याच्या सारावसुलीतून हेही दिसत नाही. हे त्यांच्या लेखनातले वैगुण्यच होय, आणि साधेपणाच्या नावाखाली समीक्षकांनी ते झाकू नये. मात्र जे दिसते ते टिपण्यात भटजी पक्के आहेत. कुठे काय मिळाले, काय गेले, लुटारूंनी काय काढून घेतले, याचे भान त्यांना सतत असते. एवढ्या आकांतातही हा माणूस कमरेच्या पैशाला विसरत नाही. यात कोणाला क्षुद्रपणा वाटेल. मला यात कर्जबाजारी घरातल्या माणसाची सवय दिसते. ज्याने सावकाराचा तगादा ऐकला आहे, त्यालाच ती ओळखू येईल.

‘गंगाजळी’ हा शब्द आपण वर्तमानपत्रांत ‘परकीय चलनाची गंगाजळी’ असा वाचतो. ग्वाल्हेरात तो शब्द अगदी खराखुरा होता. शिंद्यांच्या राखीव खजिन्याचे नावच गंगाजळी: घालायचे, काढायचे नाही, मोडायचे ते केवळ प्राणसंकटात. १ जून १८५८ रोजी तात्या टोपे, रावसाहेब आणि राणी ग्वाल्हेरात शिरली, महाराज आग्र्यास गेले, खजिना उघडून शिपायांचे पगार वाटले गेले. पण खोल तळघरांतली ही पुंजी त्यांच्या हाती लागली नाही असे सांगतात. जयाजीराव २० जून १८८६ रोजी वारले. गादीवर नऊ वर्षांचे माधवराव. दुसऱ्याच वर्षी रीजन्सी कौन्सिलकडून हिंदुस्थान सरकारने साडेतीन कोटी रुपये कर्जाऊ घेतले. तलवारीला जे सापडले नाही, ते करारनाम्याला बिनबोभाट सापडले. होळकरांनी तर १८७० च्या सुमारास रेल्वेसाठी १ कोटी दिले, मुदत १०१ वर्षे! ती भरायची १९७१ साली. तोवर इंग्रज गेले होते, संस्थान विलीन झाले होते, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तनखेही बंद झाले.

देणेकरी मिंधा आणि सावकार वरचढ, असे आपण धरून चालतो. ग्वाल्हेरचा अनुभव उलटा आहे. इजिप्तच्या खेदिवाला १८७६ मध्ये युरोपचे कर्ज झेपेना, तेव्हा सावकारांचे अधिकारी त्याच्या तिजोरीवर येऊन बसले आणि १८८२ मध्ये इंग्रज फौजच उतरली. तेच इंग्रज शिंद्यांचे देणेकरी असताना शिंद्यांचा एक कारकूनही कलकत्त्याच्या तिजोरीत डोकावू शकला नाही. अटी घालतो तो बळकट. मग तो पैसा देणारा असो की घेणारा. १९९१ मध्ये आपली गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि ४७ टन सोने परदेशी बँकांकडे गहाण ठेवावे लागले. पाठोपाठ नाणेनिधीच्या अटी आल्या. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, तेव्हा तिथेही तेच. आणि याच काळात अनेक गरीब देश आपली कष्टाची गंगाजळी अमेरिकी सरकारच्या रोख्यांत अल्प व्याजाने ठेवतात आणि विकासासाठी चढ्या व्याजाने बाहेरून कर्ज काढतात. अडीनडीला हाताशी असावी म्हणून ते ती ठेवतात, हे खरे. जयाजीरावांची भीतीही तीच होती.

आजोबांशी वाद घालायचे मला धैर्य झाले नाही. हा लेख म्हणजे त्यांना उशिरा दिलेले उत्तर समजावे.

पुस्तकाच्या संपादनाबद्दल एक शब्द. विष्णुभटांकडून हे लिहवून घेणारे चिंतामणराव वैद्य स्वतः ग्वाल्हेर संस्थानात मुख्य न्यायाधीश होते. भटजींच्या पश्चात १९०७ मध्ये त्यांनी ते छापले, पण भाषा आणि मांडणी आपल्या पद्धतीने बदलून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये सिद्ध केलेली प्रत वाचावी, असा माझा आग्रह आहे. शाळा-ग्रंथालयांत मात्र बहुधा वैद्यांचीच आढळते. वैद्यांना इतिहासाचे साधन हवे होते. पोतदारांच्या प्रतीत संसारी भिक्षुक अधिक मोकळेपणी बोलतो. आपल्यासारख्या दोन भाषांत वावरणाऱ्यांनी अमृतलाल नागरांचा ‘आँखों देखा गदर’ हा हिंदी अनुवादही शेजारी ठेवावा. नागरांनी मथळ्यातच गदर आणला आणि प्रवास घालवला. निवड वाचकप्रिय आहे, पण तिने भटजी आणखी मागे सरकले.

कारण हे प्रवासाचेच पुस्तक आहे. जाण्याचे जसे, तसे परतण्याचेही. मथुरेचा यज्ञ बाजूलाच राहिला. मिळाले ते लुटले गेले. ग्वाल्हेर, झाशी, काल्पी, चित्रकूट, काशी असे भटकून विष्णुभट वरसईस आले, तेव्हा सांगण्यासारखी कमाई म्हणजे खांद्यावरची गंगोदकाची कावड. आपल्या परंपरेत ऋणे अनेक आहेत. सावकाराचे फेडायला गेलेला माणूस पितृऋण फेडून आला, आणि पुस्तक या दोहोंतला फरक कुठेही नाटकीपणे सांगत नाही. शेवटच्या पानांतल्या शांतपणाचे रहस्य मला इथे वाटते. काही टीकाकारांना तो शेवट भाविक आणि म्हणून सपाट वाटतो. मला तसे वाटत नाही. शेकडो कोस पायी, घाटांतून, लुटारूंच्या टापूतून, स्वतः तहानलेले असतानाही ज्याने ते पाणी सांडू दिले नाही, तो हिशेबात कच्चा नव्हता.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो आणि त्या मुलाला म्हणालो, “नाही फिटलं. पण आईवडिलांना गंगेच्या पाण्यानं न्हाऊ घातलं.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आणि बायजाबाईंचे ऐंशी लाख?”