फुग्यातला उपग्रह

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील शाळांत व्याख्यानांच्या निमित्ताने आमचे जाणे होते. अलीकडे तेथे एक वाक्य कानी पडते : "आमच्या मुलांनी उपग्रह सोडला." सांगणाऱ्या शिक्षकांचा आनंद खरा असतो, म्हणूनच पुढचे लिहिणे जड जाते.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी रामेश्वरमहून विद्यार्थ्यांनी जुळवलेले १०० छोटे 'उपग्रह' हेलियमच्या फुग्यांनी वर नेण्यात आले. महाराष्ट्रातील मुलेही त्यात होती. वातावरणाची मोजमापे घेण्याचा हा प्रयोग चांगलाच. आमचा आक्षेप नावाला आहे. असा फुगा फार तर ३५-४० किलोमीटर चढतो, फुटतो आणि डबा खाली येतो. उपग्रह वर टिकतो तो नुसत्या उंचीमुळे नव्हे, वेगामुळे : सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर. दहावीच्या वर्गात हेच आपण फळ्यावर मांडतो आणि बाहेरच्या फलकावर त्याच्या उलट लिहितो. मुलाने कशावर विश्वास ठेवावा?

पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा 'स्वयम्' आठवावा. बाजू १० सेंटिमीटर, वजन जेमतेम एक किलो. विद्यार्थ्यांनी २००८ च्या सुमारास काम सुरू केले आणि २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ ने तो सुमारे ५०० किलोमीटरवरच्या कक्षेत गेला. दिशा धरण्यासाठी त्यात चुंबक बसवला होता, होकायंत्रातल्या सुईसारखा. सुरुवातीची मुले पदवी घेऊन गेली तरी उपग्रह जमिनीवरच होता! हा उशीर आम्हांला दोष वाटत नाही. एकाचे अपुरे काम दुसऱ्याने समजून घ्यायचे, तर टिपणे नीट ठेवावीच लागतात.

तयार संचात नेमके हेच हरवते. कार्यक्रम आधीच भरलेला, आकृती हाती नाही. मुलांच्या वाट्याला उरतो तो पेचकस. ग्रीसमधील पात्रास विद्यापीठ आणि लिब्रे स्पेस फाउंडेशन यांनी 'यूपीसॅट'चे आराखडे व आज्ञावली सर्वांसाठी खुली ठेवली. तो २०१७ मध्ये अंतराळस्थानकातून सोडला गेला. ते आराखडे इंग्रजीत आणि किचकट आहेत हे खरे, पण अमुक भाग तेथेच का, हे विचारता तरी येते.

शाळेने उपग्रह सोडलाच पाहिजे असे नाही, तो ऐकता येतो. मोजपट्टीच्या पोलादी फितीचा अँटेना आणि संगणकाला जोडायचा छोटा रेडिओग्राहक पुरतो. ध्रुवीय कक्षेतला हौशी रेडिओचा उपग्रह जवळ येताना संदेशाची वारंवारता वाढलेली असते, दूर जाताना घटते. हा बदल ज्या क्षणी सर्वांत झपाट्याने होतो, तो क्षण साताऱ्यात आणि सांगलीत टिपावा. दोन वेळांत साधारण १० ते १५ सेकंदांचा फरक पडेल. सांगलीचे क्षितिज मोकळे आहे. साताऱ्याच्या मुलांना मात्र अजिंक्यताऱ्यावर चढावे लागेल.