गायतोंडे यांचीं चित्रें: एक परामर्श

कै. वासुदेव गायतोंडे (१९२४-२००१) यांच्या चित्रांत समुद्र, धुकें वा क्षितिज पाहण्याची चाल पडली आहे. ती आम्हांस ग्राह्य वाटत नाहीं. ते स्वतः आपल्या चित्रांस अमूर्तही न म्हणतां वस्तुनिरपेक्ष म्हणत. त्यांवर समुद्राचें नांव लादणें म्हणजे अनामिक पोथीस तर्कानें कर्ता चिकटविणें होय. तथापि हा आभास अगदींच निराधार नाहीं. रूळ व सुरी यांनीं थर चढवून व खरवडून सिद्ध केलेल्या त्या पृष्ठांत, खोडलेल्या अक्षरांप्रमाणें, खालचा रंग वर डोकावतो व खोली भासते. म्हणून संग्राहकांनीं प्रथम थर वाचावे, नंतर चित्राची पाठ पाहावी. तेथें कित्येकदां त्यांची देवनागरी सही व साल आढळतें. कालनिश्चयास तेंच पहिलें साधन होय.