ठिकाणाचे हसू : आक्षेपार्ह विनोद आणि कल्पित महानगर

चित्रपटरसिकांच्या आपसांतील गप्पांना समीक्षेच्या कक्षेत सहसा स्थान दिले जात नाही. त्या विस्कळीत असतात आणि त्यांत आवडीनिवडीलाच निकषाचे रूप येते. तरीही या गप्पांत दोन प्रश्न चिवटपणे उपस्थित होत राहतात. एखादा विनोदी चित्रपट चावट आहे की केवळ वाह्यात, हा पहिला; आणि एखाद्या महानायकाचे नगर नेमके कोणत्या नगरावरून बेतले आहे, हा दुसरा. पहिला प्रश्न नीतीचा आणि दुसरा भूगोलाचा, असे वरकरणी वाटते. वस्तुतः दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : कलाकृतीतील स्थळ आणि तिचे उत्तरदायित्व यांचा अन्योन्यसंबंध कोणता?

या प्रश्नाच्या विचारासाठी भंडारा जिल्ह्याइतकी उपयुक्त भूमी क्वचितच सापडेल. भंडारा, त्यातून 1999 मध्ये वेगळा झालेला गोंदिया, तसेच चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक उभे राहते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या अभ्यासामुळे झाडीबोली आणि या लोकरंगभूमीचे स्वरूप मराठी अभ्यासकांपुढे आले. येथील प्रेक्षक चित्रपटाकडे वळला तो कोऱ्या पाटीने नव्हे. विनोद कसा करावा, कोणावर करावा आणि तो कसा सोसावा, याची एक प्रयोगसिद्ध जाण त्याच्यापाशी आधीपासून होती.

दंडारीतील विनोद सभ्य नसतो. मात्र तो ठिकाणाचा असतो. ज्याची टर उडवली जाते तो सावकार, पाटील किंवा तशा वृत्तीचा माणूस समोरच्या गर्दीत असू शकतो. नटही त्याच परिसरातला, उद्या बांधावर भेटणारा. संहिता लवचीक असल्याने प्रेक्षकातून आलेल्या शब्दाला रंगमंचावरून तत्काळ उत्तर मिळते. राब्लेवरील ग्रंथात बाख्तिन याने ज्या उत्सवी हास्याचे विवेचन केले, त्याचे लक्षण हेच की हसणारा स्वतः त्या हास्यातून सुटत नाही. येथे आक्षेप घेण्याची सोय प्रयोगाच्या रचनेतच असते.

चित्रपटात ही सोय नाहीशी होते. दादा कोंडके यांच्या कारकिर्दीत हे स्थित्यंतर स्पष्ट दिसते. वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात त्यांची हजरजबाबी भर प्रयोगागणिक बदलत असे. ‘सोंगाड्या’पासून (1971) तोच विनोद फितीवर कायम झाला. द्व्यर्थी संवादाची गंमत अशी की त्यातील दुसरा अर्थ बोलणारा उच्चारीत नाही; ऐकणारा तो पुरवतो. कोंडके यांचा भाबडा नायक म्हणूनच नेहमी निर्दोष राहतो आणि दोष प्रेक्षकाच्या पदरी पडतो. सेन्सॉरशी झालेल्या त्यांच्या झगड्यांचे मर्मही यातच आहे : कात्री शब्दाला लावता येते, ऐकणाऱ्याने पुरवलेल्या अर्थाला लावता येत नाही. पुढे झाडीपट्टीचे ज्येष्ठ विनोदी नट परशुराम खुणे यांना ‘विदर्भाचे दादा कोंडके’ म्हटले जाऊ लागले. 2023 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लोकरंगभूमीतून पडद्यावर गेलेला विनोद तिथून नाव घेऊन पुन्हा लोकरंगभूमीवर परतला, असा हा उलटा प्रवास होय.

परंतु लोकपरंपरेचा हवाला दिला म्हणून आक्षेप निकालात निघत नाही. दंडारीत आणि खडी गमतीत स्त्रीवेष पुरुषांनी घेतला. स्त्रीदेहावरील विनोदाला उत्तर देऊ शकणारी स्त्री रंगमंचावर नव्हतीच. आज झाडीपट्टीच्या नाटकांत स्त्रिया काम करतात, तरी जुना विनोद त्यांच्या वाट्याला पुष्कळदा जसाच्या तसा येतो. तेव्हा ‘उत्तर देता येणे’ हा निकष मानला, तर त्याच्या कसोटीवर लोकविनोदही अंशतःच उतरतो. हे मान्य न करता ‘ग्रामीण रांगडेपणा’चे गुणगान करणे म्हणजे समीक्षेने आपले काम सोडून देणे होय.

विनोदाला असे ठिकाण चिकटलेले असते. महानायकाचे नगर मात्र ठिकाण पुसूनच उभे राहते. बॅटमनच्या गॉथमचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. गॉथम हे मूळचे इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशरातले एक खेडे, तेथील ‘शहाण्यां’च्या मूर्खपणाच्या कथांसाठी प्रसिद्ध. राजाचा मार्ग गावातून जाऊ नये म्हणून गावकऱ्यांनी वेडेपणाचे सोंग घेतले, अशी दंतकथा आहे. 1807 मध्ये वॉशिंग्टन अर्व्हिंग याने न्यूयॉर्कची टिंगल करण्यासाठी हे नाव वापरले आणि 1940 च्या सुमारास ते चित्रकथेतील नगराला मिळाले. म्हणजे महानायकाच्या या नगरीचे नाव मुळात एका गावच्या विनोदाचे. मात्र या स्थानांतरात महत्त्वाचे काही हरवले. खेड्यातले वेडे आपले रक्षण आपणच करीत होते. नगरातल्या नागरिकांना कोणीतरी वाचवावे लागते. आणि त्या नगरीत हसणारा एकच उरतो, तो जोकर, म्हणजे गुन्हेगार. नगर कल्पित केल्याने कोणाचाही अवमान होत नाही. पण कोणाला उत्तर देण्याचा अधिकारही राहत नाही.

या दोन टोकांना एकत्र आणणारी कृती झाडीपट्टीपासून दूर, नाशिक जिल्ह्यात घडली. यंत्रमागांच्या मालेगावात शेख नासीर यांनी ‘मालेगाव का सुपरमॅन’ रचला; त्याच्या निर्मितीवर फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये माहितीपट केला. येथे महानायक काडीपैलवान आहे, हिरव्या कापडापुढे तो उडतो आणि कल्पित महानगराऐवजी आपल्याच गल्ल्यांतल्या घाणीशी व तंबाखूशी लढतो. दंगली आणि 2006 व 2008 चे बॉम्बस्फोट यांमुळे ज्या गावाचे नाव वृत्तपत्रांत भीतीचे चिन्ह झाले, त्या गावाने ते नाव विनोदासाठी परत मागून घेतले. हे विडंबन सुपरमॅनचे दिसते. परंतु मालेगावकर त्यात स्वतःलाही हसतात. बाख्तिनची अट येथे पूर्ण होते.

तेव्हा आक्षेपार्हतेचा निर्णय शब्दांची यादी करून लागत नाही. विनोद कोठून बोलतो, ज्याच्यावर बोलतो तो त्या जागी उपस्थित आहे काय आणि त्याला प्रत्युत्तराची मुभा आहे काय, हे पाहावे लागते. मंडईच्या रात्रीचा प्रेक्षक हे पाहतच आला आहे; मांडवात बसलेल्या स्त्रीचे प्रत्युत्तर ऐकण्याची सवय मात्र त्याने अजून करून घ्यावयाची आहे.