जेम्स वेल्सचे देखावे : एक पाठचिकित्सा

साष्टी बेटांतील डोंगर, रान व लेणीं रेखाटण्यांत ज्याचे अखेरचे दिवस गेले, त्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचें नांव पेशवाईच्या अभ्यासकांस नवें नाहीं. सवाई माधवराव, नाना फडणीस व महादजी शिंदे यांच्या त्यानें काढिलेल्या तसबिरी सर्वश्रुत आहेत. त्याच्या देखाव्यांची चिकित्सा मात्र क्वचितच होते. छापील चित्र तेंच स्थळाचें प्रमाण, असें धरून चालण्याकडे संग्राहकांचा कल असतो. तो कल तपासून पाहणें अवश्य आहे.

वेल्स १७९१ त मुंबईस आला. १७९३ त थॉमस व विल्यम डॅनिएल हे चुलते-पुतणे इकडे आले, तेव्हां लेणीं पाहण्यास तो त्यांच्या समवेत हिंडला. १७९५ च्या नोव्हेंबरांत, साष्टींतील लेण्यांचें काम चालूं असतांच, तो आजारी पडून वारला. मुंबई व आसपासच्या प्रदेशाचे त्याचे बारा देखावे लंडनास १८०० त निघाले. वेरूळचीं चोवीस चित्रें १८०३ त थॉमस डॅनिएलच्या देखरेखीखालीं निघालीं. अर्थात् वेरूळच्या संग्रहाचें छापील रूप वेल्सनें पाहिलेंच नाहीं. पोथीच्या भाषेंत बोलावयाचें तर रेखाटन ही मूळ प्रत आणि छापील चित्र ही परहस्तें झालेली नक्कल होय. नकलेंत पाठभेद शिरतात, हें पोथ्या चाळणारांस सांगावयास नको.

दुसरा प्रश्न दृष्टीचा. इटलींतील साल्वातोर रोझा याच्या रानटी कड्यांनीं युरोपची रुचि घडविली. एडमंड बर्कनें १७५७ त भयजनक भव्यतेस शास्त्राची बैठक दिली. ही रुचि घेऊन आलेल्या इंग्रजांस कल्याणजवळच्या मलंगगडाच्या सुळक्यांत आपल्या देवळाचे मनोरे दिसले, व त्यांनीं त्यास ‘कॅथीड्रल रॉक’ म्हटलें. भीषणांतील सौंदर्य आपणांसहि परकें नव्हे. भवभूतीनें आठव्या शतकांत जनस्थानाच्या अरण्यवर्णनांत तें दाखविलें आहे. परंतु कवीकडून कोणी स्थलनिर्णय मागत नाहीं, चित्रकाराकडून मागतात. म्हणून या संप्रदायाच्या चित्रांतील कोरीव खांब व द्वारें यांस अधिक वजन द्यावें, पुढील बाजूच्या झाडांस व मनुष्याकृतींस कमी.

तिसरी गोष्ट न्यायाची. पुण्याचा रेसिडेंट मॅलेट याच्या आश्रयानें चाललेल्या चित्रशाळेंत गंगाराम तांबट हा कसबी चित्रकार होता. वेरूळचीं रेखाटनें मॅलेटनें त्याच्याकडूनहि करविलीं होतीं. त्याचीं कांहीं चित्रें आज अमेरिकेंत येल येथील संग्रहांत आहेत. त्यांत पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंडाहि आहे. असें असतां वेरूळच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर श्रेय वेल्सचें व डॅनिएलचें. यांत वेल्सचा दोष काढण्याचें प्रयोजन नाहीं, कारण ग्रंथ निघाला तेव्हां तो हयातच नव्हता. तथापि कोणती रेषा कोणाची हें ठरल्यावांचून त्या चित्रांचें मोल ठरणार नाहीं.

वेल्सची योग्यता यानें उणी होत नाहीं. ज्या कातळाकडे वाटसरू पाठ फिरवी, तो कातळ पाहण्याजोगा आहे हें त्यानें दाखविलें, आणि त्या कामींच देह ठेविला. संग्राहकांस विनंती इतकीच, कीं आपल्या जवळील प्रत्येक छापील चित्रावर रेखाटणारा, कोरणारा व वर्ष यांची नोंद करावी, आणि शक्य तेथें स्थळाशीं ताडून पाहावें. कान्हेरीचा डोंगर अद्याप उभा आहे. त्याच्याइतकी शुद्ध प्रत दुसरी मिळणार नाहीं.