नभोवाणीची वेळ आणि परदेशस्थ श्रोता

नभोवाणीवरील साहित्यरूपांचा विचार बहुधा संहितेच्या अंगाने होतो. प्रसारणाची वेळ दुर्लक्षित राहते. ‘गीतरामायणा’ची छप्पन्न गीते १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झाली. पुढील गीताची प्रतीक्षा आणि ठरल्या वेळी अनेक घरांत एकाच गीताचे श्रवण, हाही त्या कृतीच्या अनुभवाचा भाग होता. ध्वनिमुद्रिकेत तो उरत नाही.

परदेशस्थ श्रोत्याच्या संदर्भात हा भेद अधिक स्पष्ट होतो. प्रसारभारतीच्या ‘न्यूजऑनएअर’ अ‍ॅपवरून आकाशवाणीच्या मराठी केंद्रांचे थेट प्रसारण न्यूयॉर्कमध्येही ऐकता येते. मात्र पुण्यातील सकाळी सहाचे भक्तिसंगीत तेथे हिवाळ्यात आदल्या संध्याकाळी साडेसातला पोहोचते. प्रभातीचे स्वर दिवेलागणीनंतर ऐकणाऱ्या या श्रोत्याला तीच गीते हवी तेव्हा अन्यत्र मिळू शकतात. तरीही तो हवामानाचा अंदाज व प्रादेशिक बातम्या यांसह थेट प्रसारण ऐकतो, तेव्हा त्या श्रवणाला केवळ स्मरणरंजन म्हणणे अपुरे ठरते. त्याला व्यवहारात निरुपयोगी असलेल्या या तपशिलांतूनच गावाचा चालू दिवस त्याच्यापर्यंत येतो. संग्रहित ध्वनी गतकाळ जतन करतो. हे समकालीनत्व मात्र थेट प्रसारणातूनच लाभते. म्हणूनच नभोवाणीच्या समीक्षेने प्रसारणाची वेळ हा आशयाचाच घटक मानला पाहिजे.