दुखण्यावर ध्वनीचा उतारा

जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत विज्ञान शिकवणारे आम्ही काही शिक्षक मधूनमधून एकत्र बसतो आणि विद्यार्थ्यांनी आणलेली वृत्तपत्रांतील कात्रणे वाचतो. अशाच एका बैठकीत नववीतल्या एका मुलीने आणलेले कात्रण निघाले. चाकू न लावता, केवळ ध्वनिलहरींनी नसांचे दुखणे थांबवणारे तंत्र आल्याचे त्यात होते. मुलीचा प्रश्न साधा होता. "सर, आजीला पावसाळ्यात नागीण झाली होती. पुरळ गेले, पण बरगडीजवळ अजून आग होते, लुगड्याचा पदरसुद्धा लागू देत नाही. तिला हा आवाज देता येईल का?"

उत्तर द्यायला आम्ही असे बरेच लेख जमवून वाचले. त्यातून उत्तर सापडले नाही, पण तक्रार मात्र सापडली. ती येथे मांडत आहोत.

पहिली तक्रार भाषेची. 'नस' या शब्दाने आपण रक्तवाहिनी, स्नायुबंध आणि चेता हे तिन्ही चालवून घेतो. लेखकही तेच करतात. मग वाचकाला वाटते, कुठेतरी नळी तुंबली आहे आणि ध्वनी ती मोकळी करतो. आजीचे दुखणे तसे नाही. कांजिण्यांचा विषाणू लहानपणी शरीरात येतो आणि पाठीच्या कण्यालगतच्या चेतागंडिकांत वर्षानुवर्षे दडून राहतो. म्हातारपणी प्रतिकारशक्ती उतरली की तो एखाद्या चेतेच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. त्या चेतेचा पट्टा बहुधा शरीराच्या एकाच बाजूला असतो, म्हणून पुरळही अर्ध्या कमरेवर थांबते. नागिणीची दोन तोंडे जुळली की माणूस दगावतो ही समजूत आमच्याकडे अजून पक्की आहे. ती खोडून काढायला शरीररचनेचे एवढे एक चित्र पुरते. पुरळ गेल्यावरही दुखापत झालेली चेता खोटे निरोप पाठवत राहते. जखम भरली तरी धोक्याची घंटा वाजतच असते.

दुसरी तक्रार मोठी आहे. श्राव्यातीत ध्वनी म्हटले की लेखक एकाच पोत्यात तीन वस्तू भरतात. सोनोग्राफी प्रतिध्वनीवरून आतले चित्र काढते. तिची सरासरी तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला एका वॉटच्याही आत ठेवतात. सांधा आखडला की फिजिओथेरपीवाले ध्वनीचा शेक देतात, तो साधारण तीन वॉटपर्यंत जातो. आणि केंद्रित ध्वनीने ऊती जाळायची असेल, तर नाभीपाशी ही तीव्रता हजार वॉटच्या पुढे जाते. चुलीजवळ हात शेकणे आणि भिंगाने कागद पेटवणे यांत जेवढा फरक, तेवढा हा. तरी एका लेखात सोनोग्राफीच्या यंत्राचे चित्र छापून खाली या उपचाराची माहिती दिलेली होती. वाचणारी बाई उद्या सोनोग्राफी केंद्रात जाऊन "दुखणे घालवा" म्हणेल, तर दोष कोणाचा?

तिसरी तक्रार अशी की, यातले खरे नवल लेखात येतच नाही. ते नववीच्या गणितात बसते. मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1500 मीटर असतो. वारंवारता 20,000 हर्ट्झ घेतली तर तरंगलांबी 7.5 सेंटिमीटर येते. एवढ्या लांबीची लहर डोक्यातल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जागी कशी गोळा करणार? वारंवारता 6,50,000 हर्ट्झ घेतली की तरंगलांबी 2.3 मिलिमीटरवर येते आणि काम जमते. मग आणखी वाढवावी की! पण वारंवारता वाढली की कवटीचे हाड ध्वनी जास्त शोषते आणि स्वतःच तापते. म्हणून मधला आकडा निवडतात, डोके भादरतात आणि भोवती थंड पाणी खेळवतात.

कवटी आणखी एक घोटाळा करते. तिची जाडी सगळीकडे सारखी नसते आणि हाडातून ध्वनी जास्त वेगाने जातो. हाडातला वेग ढोबळमानाने 2500 मीटर धरा. एका वाटेवर दुसरीपेक्षा 3 मिलिमीटर हाड जास्त असले, तर त्या वाटेची लहर 0.8 मायक्रोसेकंद लवकर पोचते. 6,50,000 हर्ट्झच्या लहरीचे एक आवर्तन सुमारे 1.5 मायक्रोसेकंदांचे असते. म्हणजे एकीचा उंचवटा नेमका दुसरीच्या खळग्यावर येतो आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात. यावर तोड म्हणून डोक्यावर बसणाऱ्या टोपीत 1024 ध्वनिस्रोत असतात. सीटी स्कॅनवरून कवटीची जाडी मोजतात आणि प्रत्येक स्रोताला त्याची वेळ वेगळी ठरवून देतात.

हे आम्ही मैदानावर करून पाहिले. मुले अर्धवर्तुळात उभी केली, मध्यभागी एक दगड ठेवला आणि सर्वांनी एकाच टाळीला दगडाशी पोचायचे असे ठरवले. काहींच्या वाटेवर चालायला सोपी, पक्की जमीन होती, काहींच्या वाटेवर चिखल. पक्क्या वाटेच्या मुलांनी उशिरा निघायचे, हे कोणी न सांगता तिसऱ्या खेपेला मुलांनीच ठरवले. ध्वनीचा पाठ शिकवताना मुले इतकी रमलेली आम्ही क्वचितच पाहिली.

आता उपचाराकडे. झुरिचमधील डॅनियल जानमोनो, अर्न्स्ट मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये नऊ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. चेतेच्या जुनाट दुखण्याने हे लोक त्रस्त होते. लक्षात घ्या, ध्वनी दुखऱ्या चेतेवर सोडलेला नव्हता. तो मेंदूच्या मध्यावर असलेल्या थॅलॅमसमधल्या एका बारीक भागावर सोडला होता. रुग्ण जागा, एमआरआय यंत्र आतले तापमान मोजत असलेले, आणि तीन-चार मिलिमीटरचा ठिपका पन्नास-साठ अंशांपर्यंत तापवून कायमचा निकामी केला. घंटा वाजवणारी चेता तशीच राहिली. घंटा ऐकणाऱ्या खोलीतली एक तार तोडली. 'बिनचाकूचे' हे खरे, पण 'बिनइजेचे' नव्हे. 2012 च्या त्यांच्याच पुढच्या अहवालात साधारण डझनभर रुग्ण आहेत. वर्षानंतर तपासलेल्या आठ जणांचे दुखणे सरासरी 57 टक्क्यांनी कमी झाले होते आणि एका रुग्णाला मेंदूत रक्तस्राव झाला होता. ही गोष्ट त्या डॉक्टरांनी स्वतः लिहिली आहे. आम्ही वाचलेल्या मराठी लेखांपैकी एकातही ती नव्हती.

याउलट 2024 मध्ये आलेले दोन शोधनिबंध वेगळ्याच तंत्राचे आहेत. त्यात काही जाळत नाहीत. सौम्य ध्वनीने मेंदूतल्या वेदनेशी संबंधित भागाचे काम तेवढ्यापुरते बदलतात. व्हर्जिनिया टेकमधील विन लेगॉन यांच्या गटाने 23 निरोगी लोकांवर प्रयोग केला. वेदना शून्य ते नऊ या मापावर सुमारे पाऊण अंकाने उतरली. युटा विद्यापीठाच्या गटाने जुनाट दुखण्याच्या 20 रुग्णांना एकदा खरा ध्वनी दिला आणि एकदा नुसते यंत्र लावून सोंग केले. खऱ्या ध्वनीनंतर दुसऱ्या दिवशी 60 टक्के लोकांना जाणवेल इतका आराम होता, सोंगानंतर 15 टक्क्यांना. आम्हाला या प्रयोगातले सर्वांत मोलाचे वाटले ते हे सोंग. काहीच न देता शंभरातल्या पंधरांना बरे वाटते, हे आधी मोजल्याशिवाय साठ या आकड्याला किंमत नाही. झुरिचच्या अहवालात अशी तुलना नव्हती. लेखक मात्र झुरिचचे 57 आणि युटाचे 60 एकाच वाक्यात बसवतात, जणू ते एकाच शाळेचे दोन वर्षांचे निकाल आहेत.

वृत्तपत्रांवर सगळे खापर फोडणेही बरे नव्हे. 2017 साली आलेल्या नववीच्या पुस्तकातला 'ध्वनीचा अभ्यास' हा पाठ घ्या. सोनार आहे, सोनोग्राफी आहे, प्रतिध्वनीची उदाहरणे आहेत. प्लास्टिक जोडणे, दुधातले जंतू मारणे हे उपयोगही यादीत आहेत. पण ध्वनी पाहण्याचे काम सोडून जोडण्याचे आणि मारण्याचे काम कसा करतो, याचा मागमूस नाही. ध्वनी ऊर्जा वाहून नेतो आणि ती एका जागी गोळा करता येते, एवढे एक वाक्य हवे होते. अंतर्वक्र आरशाच्या पाठात मुले सूर्यकिरण नाभीत आणतात, पण ध्वनीच्या पाठात कोणी त्याची आठवण करून देत नाही. मुले यादी पाठ करतात, आम्ही गुण देतो. यात आमचाही वाटा आहे.

राहिली आजी. एमआरआय, सीटी आणि 1024 स्रोतांची टोपी मोखाड्याच्या पाड्यावर येणार नाही. आमच्याकडचा माणूस मोठ्या तपासणीला नाशिकची वाट धरतो, तीही मजुरी बुडवून. नागिणीच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून तीन दिवसांत सुरू झाल्या तर उपयोगाच्या. ते दिवस लेप लावून घेण्यात गेले होते. पुढे राहणाऱ्या आगीसाठी अमिट्रिप्टिलीनसारखी जुनी, स्वस्त गोळी असते. तिचा गुण सर्वांना येत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला ती डॉक्टरांच्या नजरेखालीच द्यावी लागते. आम्ही मुलीच्या वडिलांना हे समजावले. त्यांनी आजीला दवाखान्यात नेले आणि गोळी सुरू झाली.

महिन्याने मुलगी सांगत आली, "दुखते अजून, पण रात्री झोप लागते." आणि लगेच, "सर, पण हे गोळीने झाले, की आपोआप उतरत आले होते? तिला काही दिवस खोटी गोळी दिली असती तर कळले असते ना?"

आम्ही म्हणालो, कळले असते. पण आजीला आधी विचारावे लागले असते.